हवालदाराच्या थकव्याला ज्येष्ठमध

लढाई संपल्यावर माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशातून परत आला तेव्हा त्याच्या अंगावर एकही जखम नव्हती. हीच त्याची अडचण झाली. पायात गोळी घेऊन आला असता तर गावानं त्याला पारावर बसवून चहा पाजला असता. हा आला तो हवालदाराच्या फिती लावून, कोरेगावच्या स्टेशनापासून स्वतःची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन. दुसऱ्या दिवशी औत धरलं आणि दोन फेऱ्या झाल्या न झाल्या तोच बांधावर बसला. तिसऱ्या दिवशीही तेच.

पलटणीत असताना त्याला तीनदा हिवताप येऊन गेला होता. पिवळ्या गोळ्या खाऊन खाऊन डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा पिवळट झालेला. पण आता ताप नव्हता. कोरेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली आणि "काही नाही, चांगलं खा-पी" म्हणून सांगितलं. तो चांगलं खात होता. रात्रभर झोपतही होता. पण सकाळी उठायचा तो झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेला. मला म्हणायचा, "अंगात हाडं हायती का न्हाई, त्येच कळंना गड्या." आमच्याकडं माणूस एक तर आजारी असतो, नाही तर आळशी. हवालदाराला ताप नव्हता, त्यामुळे गावानं त्याला दुसऱ्या खात्यात टाकला.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो. गावात मॅट्रिक झालेला मी पहिला आणि बी.ए.च्या वर्गात बसलेलाही मीच पहिला. हे सांगायला मी लाजत नाही. एक खोली भाड्यानं घेऊन हातानं भात-पिठलं करून खात होतो आणि एकही तास बुडवत नव्हतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत आबांनी मला गोठ्यात बोलावलं. आबा म्हणजे आमचे वडील. लढाईची सगळी वर्षं शेत त्यांनी एकट्यानं ओढलं होतं, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बैलाच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता ते बोलले.

"गुऱ्हाळ लागायच्या आत त्यो हुबा ऱ्हायला तर बरं. न्हाईतर तू ये घरी. कालिज काय पळून जात न्हाई."

"आवं आबा, हजेरी भरली न्हाई तर वरीस जातं."

"आन ऊस वाळला तर वरीस जात न्हाई व्हय?"

भाऊ उभा राहिला तर मी बी.ए., नाही तर मी औतामागं. इतकं साधं होतं ते. भावाला बरं करायची जी धडपड मी पुढं केली ती मायेपोटी केली असं लोक अजून म्हणतात. माया होती, पण हिशेब माझ्या कॉलेजचाही होता.

सांगलीत मी राहायचो त्या गल्लीच्या तोंडाला काष्ठौषधींचं दुकान होतं. म्हातारे मुसलमान दुकानदार, सगळी पोरं त्यांना चाचा म्हणायची. घसा बसला की आम्ही त्यांच्याकडून ज्येष्ठमधाचा तुकडा घेऊन गालात धरायचो. सुट्टीवरून परत आल्यावर मी त्यांना भावाचं सगळं सांगितलं. त्यांनी ताप, भूक, झोप, सगळं विचारलं आणि पिवळी, दोरीसारखी चिवट मुळी फडताळातून काढली.

"हेच ज्येष्ठमध. गळ्याला सगळेच नेतात, तापानं पिळून काढलेल्या माणसालाही देतात. कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. सकाळी एक चिमटी, संध्याकाळी एक चिमटी, कोमट दुधातून. हा छटाक महिनाभर पुरेल. महिना झाला की थांबायचं. ध्यानात राहील?"

"मी बी.ए.ला आहे, चाचा."

"म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले.

शनिवारी गाडी धरून मी घरी गेलो आणि पुडी वहिनीच्या हातात दिली. माझ्यादेखत तिनं खलबत्ता काढला. तेवढ्यात आबांनी एक कांडी उचलून दाताखाली धरली.

"आरं, ही तर गोड हाय. ऊसच की वाळल्याला!"

आमचं घर उसाचं. ऊस कोणी कुटून दुधात घालत नाही. तो दातानं सोलायचा, चावायचा, चोथा थुंकायचा आणि पुढचं कांडं घ्यायचं. गोड वस्तूनं कोणाला बाधा होते ही कल्पनाच आमच्या घराला नव्हती. भावानं एक कांडी चावली, मग दुसरी. वहिनीनं खलबत्ता परत फळीवर ठेवून दिला. मी तिथंच उभा होतो. चिमटीचं सगळं मला पाठ होतं, पण मी म्हणालो, "चावलं तरी चालतंय, पोटात गेल्याशी कारण." गुऱ्हाळ लागायला थोडेच आठवडे उरले होते. एका चिमटीनं महिन्यात गुण येत असेल तर मूठभर खाल्ल्यावर आठवड्यात येईल, असं माझं गणित. हे गणित मला कोणत्याही प्रोफेसरांनी शिकवलेलं नव्हतं.

आणि गुण आला! पुढच्या खेपेला गेलो तर भाऊ मळ्यात पाटाचं पाणी वळवत होता. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची ती थांबली म्हणाला. कानावर विडी ठेवावी तशी मुळीची कांडी ठेवलेली, आणि दिवसभर तोंड चालू. छटाक केव्हाच संपला होता. मी पावशेर आणलं. ते संपायच्या आत आणखी पावशेर. महिना उलटून गेला तरी थांबायचं नाव कोणी काढलं नाही. त्याचं तोंड भरलं, गाल वर आले. पारावरची माणसं म्हणायला लागली, "हवालदार पुन्हा पलटणीत निगालं वाटतं! काय तब्येत धरलीया!" आबांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते हातानं त्याचा चेहरा चाचपून बघत आणि हसत. मला गावात मान वाढला. कोणाच्या गुडघ्याला, कोणाच्या दम्याला औषध विचारायला माणसं यायला लागली आणि मीही काहीबाही सांगायचो.

आमच्याकडं गुऱ्हाळ पैऱ्यावर चालायचं. आज तुमच्या उसाला आमचा माणूस, उद्या आमच्या उसाला तुमचा. त्यात माणूस द्यायचा तो पुरा. अर्ध्या ताकदीचा दिला तर पुढच्या वर्षी पैऱ्यातून घर बाहेर. आबांनी यंदा हवालदाराचं नाव दिलं.

आमच्या उसाची पाळी रविवारी होती. आदल्या दिवशी सकाळी मी चाचांच्या दुकानात गेलो आणि पावशेर मागितलं. त्यांनी तराजू उचलला आणि परत खाली ठेवला.

"घरात किती माणसं आजारी आहेत तुझ्या?"

"एकच. भाऊ."

"एकच? मग माणसाला देतोस की बैलाला घालतोस?"

मी पैसे पुढं केले. त्यांनी ते घेतले नाहीत.

"तोंड भरलंय का त्याचं?"

"हो. तब्येत चांगली सुधारलीय."

"नडगीवर अंगठा दाबून बघ. खड्डा पडला आणि तसाच राहिला तर ती तब्येत नव्हे, अंगात पाणी साठलंय. मुळी आजपासून बंद. आणि अंगमेहनत करू देऊ नकोस त्याला. यात हातपाय ऐन वेळी दगा देतात. चिमटी म्हणालो होतो मी, चिमटी! शिकलेल्या माणसाला औषध सांगायचं म्हणजे..." त्यांनी फडताळ लावून घेतलं. मुळी दिली नाहीच.

दुपारच्या गाडीनं निघालो. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो तर वहिनी दारातच भेटली. "भावजी, ह्यांचं पायतान बसंना झालंय. चांभाराकडं टाकू का?" भाऊ ओट्यावर पाय सोडून बसला होता. सांगलीहून आलं की मी त्याच्या पाया पडायचो. त्या दिवशीही वाकलो, आणि पाया पडायच्या निमित्तानं अंगठा त्याच्या नडगीवर दाबला.

"आरं, पाया पडतोस का पाय रगडतोस?" तो हसला.

मी अंगठा काढला. खड्डा पडला होता. भिजल्या मातीत बोट खुपसावं तसा, आणि भरून येईना.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हा आजारी आहे असं म्हणायचं म्हणजे उद्या त्याच्या जागी मी उभं राहायचं. आणि उद्याच नव्हे, गुऱ्हाळ संपेपर्यंत, पुढची पाणी-पाळी होईपर्यंत. माझी हजेरी आधीच काठावर होती, कारण मुळी पोचवायला दर खेपेला शनिवारचे तास बुडवत होतो. एक दिवस निभावेल, मग सावकाश सांगू, असं मी मनाशी ठरवलं आणि जेवायला बसलो. मुळी संपलीय, मिळाली नाही, एवढंच सांगितलं.

सकाळी काहीलीला चांगला जाळ लागला. पहिलं आधण, म्हणजे एका खेपेचा शिजलेला रस, उतरवायची वेळ आली तशी गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या जाणत्या माणसानं, गार पाण्यात हात भिजवून बोटावर पाक बघितला आणि हाळी दिली. उकळत्या रसाची ती भली मोठी काहील कड्यांतून वासे घालून आठ माणसांनी एकदम उचलायची असते. एकाच दमात. त्यात मागंपुढं चालत नाही. भाऊ पुढच्या वाशाला होता आणि मी मागं नुसता उभा. मी त्याच्या पोटऱ्यांकडं बघत होतो, दुसरीकडं माझी नजरच जात नव्हती. काहील हलली, तीन पावलं गेली, आणि त्याचा उजवा गुडघा असा वाकला की जणू मागून कोणी काठी मारली.

काहील कलली. अर्धं आधण चुलवणाच्या राखेत गेलं. वाफेचा लोट उठला. पलीकडच्या दोघांनी वाशावर अंग टाकून काहील सावरली, म्हणून कोणी भाजलं नाही.

"हवालदार, परेड न्हवं ही!" कोणीतरी ओरडलं. दोघं-चौघं हसले. मग भाऊ दोन्ही हात टेकून उठायला लागला आणि त्याला उठताच येईना, तसे हसणारेच पुढं सरकले.

मी खाली बसलो आणि सगळ्यांदेखत त्याची नडगी दाबून दाखवली. "हे मांस न्हवं," मी म्हणालो, "पाणी हाय. मुळी लय झाली. मी लय दिली."

भाऊ त्या खड्ड्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"काल सकाळपास्नं."

"आन आज वासा धरू दिलास?"

"सांगितलं असतं तर कालिज सुटलं असतं."

तो शिवी देईल, निदान तोंड फिरवील असं मला वाटलं. त्यानं हातांवरची राख झटकली. "आता?" त्यानं विचारलं.

"आता सुटलं."

"मग धर वासा. हुबा काय ऱ्हायलास?"

मी वासा धरला. त्या दिवशी धरलेला वासा गुऱ्हाळ मोडेपर्यंत सोडला नाही. कॉलेजला पत्र लिहून कळवलं. टर्म गेली, टर्मबरोबर वर्ष गेलं. भावाची सूज पंधरा-वीस दिवसांत उतरली आणि गाल पुन्हा आत गेले. पारावरची माणसं आता माझ्याकडं औषध मागायला येईनात, ते बरंच झालं. मी ज्येष्ठमधाला दोष देत नाही. चिमटीनं मोजून घेतलं असतं तर काय गुण आला असता ते मला माहीत नाही, कारण आम्ही ते मोजून कधी घेतलंच नाही.

थकवा काही गेला नव्हता. पण त्या दिवसापासून भावानं तो झाकायचं सोडलं. जून लागायच्या बेताला एकदा जेवताना त्यानं आबांना सांगून टाकलं, "सकाळचं औत मी धरीन. दुपारी मी पडणार. पडल्याव मला कुणी हाक मारायची न्हाई. पैऱ्यात आपलं घर यंदा न्हाई, खालचं रान वाट्यानं लावा. आन ह्यो कालिजात जाईल."

आबा म्हणाले, "लोक काय म्हंतील?"

"सांगा, हवालदारानं सिक रिपोट केलाय. पलटणीत आजाऱ्याला परेड माफ आसती."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. आबा हसले नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी चुलत्यांकडं जाऊन खालच्या रानाचं बोलून आले. घराण्याचं रान दुसऱ्याच्या औताखाली पहिल्यांदाच जात होतं, आणि ते माझ्या शिक्षणापायी. मी सांगलीला परत गेलो. त्या वर्षी मी घरी फार कमी आलो. आलो की बघायचो, दुपारची भाकरी झाली की तो आंब्याखाली घोंगडं टाकून पडायचा, आणि पारावरून कोणी काही बोललं तर वहिनी मोठ्यानं उत्तर द्यायची. हळूहळू त्याच्या दुपारच्या झोपा आखूड झाल्या. संपल्या मात्र कधीच नाहीत.

बी.ए.चा निकाल लागला तो मला सांगलीत कळला. त्याच दिवशी गाडी धरली. स्टेशनापासून मळ्यापर्यंत मी जवळजवळ पळतच गेलो, वाटेत भेटतील त्या सगळ्यांना सांगत. मळ्यात पोचलो तर भर दुपार. भाऊ आंब्याखाली झोपला होता, तोंडावर टॉवेल टाकून. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याच्या पायाशी बसलो आणि तो उठायची वाट बघत राहिलो.