प्रभूच्या पंगतीत आई

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या गाझियाबादच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून हातोहात फिरतं, मागून द्राक्षरसाचे इवलेसे पेले येतात. आई नगरहून कायमची माझ्याकडे राहायला आली, त्या महिन्यात ताट आमच्या बाकापाशी आलं आणि तिने सवयीने हात पुढे केला. ताट धरलेल्या मंडळीतल्या एका भाऊंनी वाकून हळूच विचारलं, "आंटी जी, आपका डूब का बपतिस्मा हुआ है?" आईचं हिंदी यथातथाच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कप्पाळ! ताट तिला वगळून पुढे गेलं.

आमच्या नगरच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. मोठेपणी सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली दिली, की प्रभुभोजनात जागा मिळते. इथे मात्र जाणत्या वयात, पूर्ण पाण्यात बुडून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा. नवरा याच मंडळीतला, म्हणून लग्नाआधी मीही तो घेतला होता. तेव्हा फोनवर आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "बरं बाई. पहिलं पाणी आटलं वाटतं?"

त्या रविवारी घरी येताना ऑटोत ती म्हणाली, "अगं, माझी आजी सोवळ्याओवळ्याला विटून ख्रिस्ती झाली. विहिरीवर चढू देत नव्हते तिला. आणि आता आपल्यातच पंक्तिप्रपंच?" मग म्हणाली, "तुझ्या मांडीला मांडी लावून एकदा प्रभुभोजन घ्यायचं होतं गं. दुसरं काही मागणं नाही माझं."

इथल्या मंडळीचे पाळक घरी आले. माणूस भला, उगाच नावं कशाला ठेवू? बाप्तिस्म्याच्या हौदात गरम पाणी घालू, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाले. आई मराठीत बोलायची, मी हिंदीत सांगायची. "त्यांना म्हणावं, मला एकदा मिळालाय. दुसरा घेतला तर पहिला खोटा ठरतो, आणि तसल्याच बाप्तिस्म्याच्या भरवशावर तुझे वडील गेले, तेही खोटे ठरतात. आत्म्याचं तारण विश्वासाने आहे ना? पाण्यानेच असतं तर आधी मासे गेले असते स्वर्गात." पाळक खळखळून हसले, आणि मग त्यांचेच डोळे भरून आले. "मेरे हाथ में होता, आंटी जी..." आई म्हणाली, "तेच तर! कोणाच्याच हातात नाही ते."

पुढच्या महिन्यात मला असा संताप आला की आलेलं ताट मी तसंच पुढे सारलं. आईने मला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "माझ्यापायी तू उपाशी राहायचं नाहीस. जेवण त्याचं आहे, यांचं नाही. कळलं?"

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांची महिन्यातून एक संध्याकाळ असते. वसईकडचे कॅथलिक, आमचे नगरचे, विदर्भातले, सगळे येतात. टाळ असतात, पेटी असते, भजनं अशी रंगतात की माझी इकडेच वाढलेली लेकसुद्धा अर्धे शब्द कळत नसताना "मस्त है यार" म्हणत टाळ्या वाजवते. फक्त भाकर मोडायची नाही, म्हणजे प्रभुभोजन करायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ती कोणी मोडायची यावरून एकदा भांडण झालं होतं. तरी मी भीड सोडून विचारलं, आईसाठी एकदाच करूया का? सगळे खाली बघू लागले. वसईच्या एका मावशींनी आईचा हात धरला नि रडायलाच लागल्या. "फादरना विचारल्याशिवाय मला नाही घेता यायचं गं, बाय." मग नेहमीसारखे पोहे आले. आई खाताखाता म्हणाली, "पोह्यांवर सगळे एक, भाकरीवर सगळे वेगळे. काय म्हणावं या लेकरांना! देव भावाचा भुकेला, आणि हे आपले नाकाने कांदे सोलतायत."

शेवटी मी नाताळात तिला नगरला न्यायचं ठरवलं. तिथे तिच्याच मंडळीत, आम्ही दोघींनी मिळून घ्यायचं. तिकिटं काढली. आईने पांढरी साडी इस्त्री करून ठेवली, शेजारणींना सांगत सुटली. पण दिवाळीनंतर इथली हवा तुम्हाला माहीतच आहे. तिची छाती भरली ती भरलीच. तीच साडी नेसवून तिला इथल्याच कबरस्तानात पोचवलं.

पाळकांनी प्रार्थना फार चांगली केली. म्हणाले, हमारी माँ आज प्रभु की मेज़ पर बैठी हैं. मी सगळ्यांदेखत मराठीतच बोलले, "तिथे चालतं, मग इथे का नाही चाललं?" कोणी भाषांतर विचारलं नाही.

ती तिथे बसली आहे याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण मला ती इथे हवी होती हो! एकदाच.

पहिल्या रविवारी ताट येतं. तिने बजावलं होतं म्हणून मी घेते. भरल्या मंडळीत बसून एकटी जेवते.