उभ्या मोटारीचा विमा

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले आणि त्यांतले बहुतेक विसरूनही गेलो. चिखली तालुक्यातल्या एका जळालेल्या मोटारीची हकीकत मात्र विसरता आलेली नाही. त्या तपासात आरोपीच्या मनात जे सापडले, तेच थोड्याफार फरकाने माझ्याही मनात निघाले. त्यात गुंतलेल्यांची मुलेबाळे आज गावात नांदत आहेत, म्हणून नावे देत नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे शेवटचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचे मोठे कागद नागपूरला जात आणि जिल्ह्याचे साहेब बुलढाण्याला बसत. मी उंद्रीच्या बाजूला एका लहान ठाण्यावर ठाणेदार होतो. ठाणे म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी आणि पुढे ओसरी. ओसरीत फिर्यादींसाठी एक लाकडी बाक. हद्द मोठी होती आणि फिरायला माझी सायकल.

ठाण्यापासून तीन मैलांवरच्या गावात एक मोठे जमीनदार राहत. सगळा गाव त्यांना मालक म्हणे. मालक आणि मी बुलढाण्याच्या शाळेत एका वर्गात होतो. माझे वडील भाजीचा मळा करीत, बाजाराच्या दिवशी मी वांग्यांची पाटी घेऊन बसे. हिशेबात मी त्याच्या पुढे असे. तो मॅट्रिकला एकदा नापासही झाला. पुढे मी फौजदारीच्या परीक्षा देत, बदल्या सोशीत त्याच्याच मुलखात ठाणेदार होऊन आलो, तर त्याच्या दारात मोटार उभी होती. आसपासच्या वीस गावांत ती एकच.

पेट्रोल मिळत होते तेव्हाची एक गोष्ट सांगतो. मी सायकलवरून एका चोरीच्या तपासाला निघालो होतो. मागून मोटार आली, मला धुळीने झाकून पुढे गेली आणि थांबली. मालकाने दार उघडले आणि शाळेतल्यासारखेच म्हणाला, "चाल बे, बस." ड्रायव्हरने माझी सायकल मागे बांधली. वाटभर मालक शाळेच्या गमती सांगून हसत होता, मी नुसता हुंकार देत होतो. त्याने मला धुळीत सोडून दिले असते तर मला इतका राग आला नसता.

पुढे लढाईमुळे पेट्रोल कुपनांवर आले आणि मग कुपनेही मिळेनाशी झाली. मालकाने मोटार बंद करून गावाबाहेरच्या आपल्या वाडीत, टिनाच्या शेडमध्ये ठेवली. ड्रायव्हरने चारही चाके काढून घरी माडीवर नेऊन ठेवली, टाकी रिकामी केली आणि गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवून ताडपत्रीने झाकली. मालकाने एवढ्यावर न थांबता अकोल्याचा विमा एजंट बोलावला. रस्त्यावर न येणाऱ्या, खाजगी जागेत उभ्या गाडीचा आग आणि चोरीपुरता वेगळा विमा निघतो, हे आमच्या भागात कोणाला ठाऊक नव्हते. गाव हसला. जी गाडी हालतच नाही तिला होऊन होऊन काय होईल, असे लोक पारावर बोलत. मीही हसलो. पण मनात आले की याची बंद पडलेली गाडीसुद्धा सांभाळायला कंपनी आहे.

मालकाने फिरण्यासाठी सवारीची एक सुरेख दमणी आणि खिल्लारी बैलांची जोडी घेतली. तिच्यावर घरच्याच एका जुन्या सालदाराला गाडीवान नेमले. ड्रायव्हरलाही काढले नाही. तो रोज वाडीत जाई, ताडपत्री काढी, गाडी पुसून पुन्हा झाकी.

चैत्रात एके दिवशी भर दुपारी त्या गावचा पोलीस पाटील घोड्यावरून ठाण्यात आला. मोटार जळाली, एवढेच त्याने सांगितले. मी जमादाराला घेऊन निघालो. आमचा जमादार वयाने माझ्यापेक्षा मोठा होता. इंग्रजीचे एक अक्षर त्याला येत नसे, पण माणूस ओळखायला त्याला अक्षर लागत नसे.

वाडीत पोचलो तेव्हा शेडमधून धूर निघत होता. ताडपत्री, गाद्या, लाकूडकाम सगळे जाऊन नुसता लोखंडी सांगाडा राहिला होता. खाली कडब्याची राख होती, एका कोपऱ्यात अर्धवट जळालेली पेंढीही होती. मी पंचनाम्यात ते ठळक लिहून घेतले. ड्रायव्हर शेडबाहेर बसला होता. त्याचे दोन्ही तळहात भाजून फुटले होते. तो जेवायला गेला होता आणि धूर दिसल्यावर धावत आला. गाडी बाहेर काढायला त्याने तापलेला पत्रा धरून ओढला होता.

"चाकं असती त ढकलून काढली असती, साहेब," तो म्हणाला. "चाकं मीच काढली होती."

मालक बाजूला उभा होता. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "बरं झालं तू आलास."  माझी नजर त्या राखेवर होती आणि मनाने निकाल देऊन टाकला होता. विमा नवा करून महिनाही झाला नव्हता. बंद गाडी, जवळ कडबा आणि वर कंपनीचा कागद. याहून उघड गोष्ट मला दुसरी दिसत नव्हती. खरे सांगायचे तर तीच दिसावी अशी माझी इच्छा होती.

दोन दिवसांनी गाडीवान आपण होऊन ठाण्यात आला. हात जोडून त्याने खबर दिली की ड्रायव्हर शेडमध्ये बिड्या ओढतो, आणि त्या दिवशीही ओढत होता. आपण होऊन दुसऱ्याचे नाव सांगायला येणारा माणूस आधी तपासावा, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. मी तो पाळला नाही. ड्रायव्हरचे नाव मला नकोच होते. मी गाडीवानाला विचारले की मालकाने कडबा कधी ठेवायला सांगितला. तो एकदम गोंधळला. मालकाचा यात काही संबंध नाही, असे दोनतीनदा म्हणाला आणि घाईने निघून गेला. स्वामिनिष्ठ नोकर धन्याला झाकतो आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

मग मी मालकाला जबाबासाठी बोलावले. सकाळी आठला बोलावले आणि दुपारपर्यंत ओसरीतल्या बाकावर बसवून ठेवले. बाजाराचा दिवस होता. येणारा-जाणारा थांबून पाहत होता. आत घेतल्यावर मी तेच प्रश्न उलटेसुलटे विचारले. विमा का काढला? नुकताच नवा का केला? कडबा कोणी ठेवला? त्याने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले. विमा काळजीपोटी काढला, मुदत संपली म्हणून नवा केला आणि कडब्याचे आपल्याला माहीत नाही. सुरुवातीला तो मला 'तू' म्हणत होता. संध्याकाळी उठताना म्हणाला, "येतो ठाणेदारसाहेब." मला त्यात विजय वाटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. तिसऱ्या दिवशी खुर्चीही दिली नाही, उभ्यानेच जबाब घेतला. तो रोज दमणीतून येई. गाडीवान समोरच्या लिंबाखाली बैल सोडून दिवसभर ठाण्याच्या दाराकडे पाहत बसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जमादार माझ्याजवळ आला. विम्याच्या कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा, म्हणाला. मालकाकडून घेतलेला तो कागद चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात होता. मी त्यातली रक्कम आणि तारीख तेवढी पाहिली होती. आता कलमे वाचत गेलो. गाडी ओंडक्यांवर असावी. चाके काढलेली असावीत. मग पुढचे कलम आले, की शेडमध्ये किंवा शेडजवळ कडबा, गवत अथवा असा पेट घेणारा माल ठेवल्यास कंपनी भरपाई देणार नाही. खाली मालकाची सही होती.

जमादाराने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, ज्याले कंपनीकडून पैसा काढाचा हाय, तो कडबा कायले नेऊन ठेवीन? एक पेंढी सापडली का त्याचा पैसा बुडाला. हे कलम ज्याले माहीत नाही, त्यानंच ठेवला."

ज्या राखेवर मी मालकाला दोषी धरले होते, तीच त्याला सोडवत होती. साधी गोष्ट होती. वांगी विकून हिशेब शिकलेल्या माणसाला ती पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. मी कागद घडी करून ठेवला आणि आता काय करावे याचा विचार करीत बसलो. मालक अजून समोर उभाच होता. त्याला बसा म्हणायलाही माझी जीभ उचलेना.

तेवढ्यात गाडीवान आत आला. पहाऱ्यावरच्या शिपायाने अडवले, तर त्याला बाजूला सारून आला. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. मालकाच्या पायांकडे पाहत म्हणाला, "तीन दिस झाले, तुमी माह्या मालकाले काऊन उभं करून राह्यले? त्याईनं काही नाही केलं. मी जाळली गाडी."

मालकाने मान वर केली. मी त्याला तिथेच थांबायला सांगितले आणि गाडीवानाला बसवून सगळे विचारले. आता त्याला काही झाकायचे नव्हते. ड्रायव्हर जेवायला गेल्यावर त्याने बैलांच्या कोठ्यातून कडब्याच्या पेंढ्या दोन खेपांत नेल्या, गाडीखाली सारल्या आणि बिडी टाकली. दोष ड्रायव्हरवर जावा, ही त्याची इच्छा होती. मग मी विचारले, असे का केले?

"साहेब, मी उनातानात बैलं हाकतो," तो म्हणाला. "थो ड्रायव्हर सावलीत बसून उभी गाडी पुसते. पगार दोघाईले सारखा. ते चालू द्या. पन पाव्हना आला का मालक त्याले आंधी वाडीत घेऊन जात, ताडपत्री काढून गाडी दाखवत. माह्ये बैलं दारात जुपले रायत, त्याईच्याकडं कोनी पाहे नाही. आनं आता ड्रायव्हर म्हने, पेट्रोल सुटून राह्यलं, पुढच्या लगनसराईले चाकं लागतीन. मंग मले कोन इचारते?"

मी त्याचे शब्द लिहून घेतले. न चालणाऱ्या मोटारीचा इतका हेवा करणारा मुलखात मी एकटाच आहे, असे मला वाटत होते.

गाडीवानाला कोठडीत नेताना तो जमादाराला म्हणाला की बैल उन्हात आले असतील, सावली सरकली आहे. मालक बाहेर गेला, लिंबाखालचे बैल स्वतः सोडून सावलीत बांधले आणि घरून दुसरा माणूस येईपर्यंत तिथेच उभा राहिला. मी त्याला आत बसायला सांगायला गेलो. तो म्हणाला, "नको साहेब, बरा आहे."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून गाडीवानाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. तिथेही त्याने शब्द फिरवला नाही. त्याला पेंढ्या नेताना शेजारच्या शेतातल्या एका बाईने पाहिले होते, तिचा जबाब मिळाला. मालकाने साक्षीत जे खरे तेवढे सांगितले, आरोपीच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. गाडीवानाला सक्तमजुरीची शिक्षा झाली.

मालकाचे काम मात्र कंपनीत अडले. माझ्या पंचनाम्यात कडब्यावर जोर होता आणि कंपनीने तेच कलम पुढे केले. कडबा आरोपीने धन्याच्या नकळत आणला, असा पुरवणी अहवाल मी लिहिला नसता, तर भरपाई बुडाली असती. तो लिहायचा म्हणजे तीन दिवस मी चुकीच्या माणसाच्या मागे होतो, हेही लिहिणे आले. दोन दिवस मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो. शेवटी लिहिला. कंपनीने पैसे दिले. मालकाने दुसरी मोटार घेतली नाही.

पुढे माझी बदली वडनेर भोलजीकडे झाली. काही वर्षांनी एका कामासाठी उंद्रीला गेलो असता बाजारात तीच दमणी दिसली. कासरा ड्रायव्हरच्या हातात होता. त्याच्या तळव्यांची कातडी आखडून पांढरी पडली होती. गाडीवान सुटून आला आहे, असे त्याने सांगितले. मालक त्याला दारात उभे करायला तयार नव्हते, तेव्हा ड्रायव्हरनेच त्यांना विनवले. मी म्हटले, ज्याने तुझे हात जाळले त्याच्यासाठी?

तो म्हणाला, "बैलं माह्यं आयकत नाहीत, साहेब. त्याचंच आयकते." आता बैलांचे चारापाणी गाडीवान करतो, बैल जुंपूनही तोच देतो. पण तो हाकत असेल तर मालक दमणीत बसत नाहीत.

मालकाची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. मी होऊन गेलो असतो तर झाली असती. गेलो नाही.

या तपासाने मला एक सवय लावली. नव्या गुन्ह्याची डायरी उघडण्याआधी मी स्वतःला विचारीत असे, की संशयितांपैकी कोणाचे नाव निघाले तर तुला बरे वाटेल? उत्तर आले की त्या माणसाचा जबाब मी स्वतः न घेता दुसऱ्याकडून घेववीत असे. हाताखालच्या पोरांनाही मी हेच शिकवले. कारण मात्र त्यांना कधी सांगितले नाही.

हेव्याला फार मोठे कारण लागत नाही. जो आपल्याहून किंचित वर आहे आणि आपल्याशी बरा वागतो, त्याचाच हेवा जास्त खोल जातो. त्या हेव्यापायी गाडीवानाने मोटार जाळली आणि त्याची शिक्षा भोगली. त्याच हेव्यापायी मी एका निरपराध माणसाला चारचौघांत तीन दिवस बसवले आणि उभे केले. मला वरून शाबासकीचा कागद आला, गुंतागुंतीचा तपास थोड्या दिवसांत लावल्याबद्दल बक्षीसही मंजूर झाले.

ते मी सही करून घेतले.