साहेबाने मान हलवली

आमची लॉरी कंपनीने का नेली, हे कडावपासून कर्जत स्टेशनापर्यंत कुणालाही विचारा. ‘साहेबाने शब्द फिरवला’ असंच उत्तर मिळेल. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते इतक्या वेळा सांगितलं आहे की आता लोक स्वतः पाहिल्यासारखं सांगतात. पण ते खरं नाही. ते खरं नाही हे मला एकटीला माहीत आहे—आणि आजपर्यंत मी ते कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही.

हे इंग्रजीत लिहिणं सोपं होतं. घरात कुणाला वाचता आलं नसतं. दादाला मराठी वाचता येतं, म्हणून मराठीत लिहिते आहे. एवढं तरी—

नाही. ‘एवढं तरी’ वगैरे काही नको.

आप्पांच्या तीन बैलगाड्या होत्या. कडाव, कशेळे आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांमधलं भात आणि गवत कर्जत स्टेशनावर पोचवायचं, येताना मीठ-रॉकेल आणायचं, हा त्यांचा धंदा. दादा, माझा थोरला भाऊ, युद्धात लष्कराच्या लॉऱ्या चालवून घरी आला आणि रोज जेवताना आप्पांना डिवचू लागला. “आप्पा, तुमचे बैल ठेसनाला पोचतायत तवर माज्या दोन खेपा होऊन एक झोप पन व्हईल.” आप्पा म्हणायचे, “तुजी गाडी मरंल ती न सांगता मरंल रं. माजा बैल आधी सांगतो.” पण हळूहळू त्यांनाच वेड लागलं. मोठी नको, दीड टनाची छोटी लॉरी, पण नवी. लष्कराची मोडीत काढलेली नको. दोन बैलजोड्या त्यांनी खालापूरकडच्या एका शेतकऱ्याला विकल्या. आईच्या पाटल्या गेल्या. थोडी रक्कम आधी भरायची आणि बाकीची दर महिन्याच्या हप्त्याने, असं मुंबईच्या कंपनीकडून कळलं होतं. करार इंग्रजीत असणार. म्हणून मला न्यायचं ठरलं.

मला इंग्रजी येत होतं, कारण मी सातव्या वर्षापासून मुंबईला मावशीकडे होते. मावशीला मूल नव्हतं. तिचे यजमान एका इंग्रजी शाळेत कारकून होते, म्हणून मला तिथे घेतलं. शाळेत मी फारसं बोलत नसे. मॅट्रिक होऊन घरी आले आणि तिथेही फारसं बोलेनाशी झाले. मी ‘आहे’ म्हणायची आणि घरात सगळे ‘हाय’ म्हणायचे. आप्पांना त्याचा केवढा अभिमान! स्टेशनमास्तरांसमोर मला उभी करून म्हणाले होते, “बोल गं बाय, दोन शब्द बोल इंग्रजीत.” मी बोलले नाही. मान खाली घालून उभी राहिले. त्यांनाच ओशाळून हसावं लागलं.

त्या दिवशी आम्ही तिघे गेलो. दुकान काचेचं होतं, आत गाड्या देवासारख्या ओळीने ठेवलेल्या. दादा एका मेकॅनिकबरोबर मागच्या अंगाला इंजिन बघायला गेला तो गेलाच. विक्रीवाला हिंदीत किंमत सांगू लागला. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि मग—त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर टाकलं आणि हात त्याच्यापुढे धरला. बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, चारचौघांना कळू नये म्हणून. आप्पांनी आयुष्यभर सगळी खरेदी अशीच केली होती. विक्रीवाल्याने हात मागे घेतला, दोघा-तिघांना हाका मारून बोलावलं, आणि म्हणाला, “काकाजी, यहाँ बैल नहीं बिकते!”

“बैल नाय, पन बैलाच्या जागीच घेतोय ना मी?” आप्पा म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसले.

आज मला ते उत्तर किती आवडतं! त्या दिवशी मी काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत होते, त्यांच्याबरोबर आलेली नसल्यासारखी. हसता हसता आप्पांनी एक जादा टायर आणि ताडपत्री पदरात पाडून घेतली. तेही मी नीट ऐकलं नाही.

हप्त्यांचं बोलणं वरच्या मजल्यावर, गोऱ्या साहेबाकडे. त्याला हिंदी येत नव्हतं. शेजारच्या टेबलावर टाइप करणारी मुलगी माझ्याच वयाची होती. फ्रॉक, आखूड केस, माझ्या शाळेतल्या मुलींसारखं बोलणं. मी करार वाचला. दर महिन्याला हप्ता, एक चुकला तर नोटीस, दोन चुकले तर गाडी परत. मला सगळं समजलं. समजलं नाही असं म्हणायला मला जागा नाही. आप्पांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारायला सांगितली.

“त्याला म्हनावं, आमच्याकडं पावसाचे चार म्हैने गाडी चालत नाय. रस्ताच ऱ्हात नाय. तेवढे चार म्हैने हप्ता नको. दिवाळीनंतर ते चारी हप्ते मागं जोडून दीन. त्याला हे कबूल असंल तरच अंगठा.”

आमच्या भागात यात नवल काही नव्हतं. पावसाळ्यात कुणी कुणाकडे तगादा लावत नाही. चिखलात गाडी नाही, भात अजून शेतात—कोण कुणाला काय देणार? आप्पांना वाटलं, ही गोष्ट कुठल्याही शहाण्या माणसाला सांगितली की पटेल. कदाचित पटलीही असती. तो साहेब वाईट नव्हता. मला ते कधीच कळणार नाही.

कारण मी विचारलंच नाही.

त्याआधी ताडपत्रीचं आणि टायरचं कागदावर लिहून द्या, एवढं आप्पांच्या वतीने मी साहेबाला कसंबसं सांगितलं होतं. तेव्हा तो त्या मुलीकडे वळून इंग्रजीत म्हणाला होता, “आता ही माणसं गाडीबरोबर गवताची पेंढीही मागतील.” ती हसली, आणि हसताना तिने माझ्याकडे पाहिलं. ‘ही माणसं’. त्यात मी होते की नव्हते? मला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं. आणि इकडे आप्पा मला कोपराने ढोसत होते—“बोल ना गं.”

मी साहेबाकडे वळले. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे काहीतरी बोलणं भाग होतं. मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या इंग्रजीत विचारलं—लॉरी हिरव्या रंगात मिळेल का?

साहेबाने हसून मान हलवली. जोरात, दोनदा.

मी आप्पांना म्हटलं, “हो म्हणतात.”

इतकंच आहे ते. आप्पांनी साहेबाला हात जोडले आणि अंगठा उठवला.

लॉरी हिरवी आली. म्हणजे सांगाडाच तो—इंजिन, चाकं आणि पुढचा हिरवा पत्रा. मागचा लाकडी हौदा आपला आपण बांधून घ्यायचा. तो बांधला धोंडूकाकांनी. कर्जतचे सुतार, आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी घरासाठी राखून ठेवलेलं सागवान काढलं. आप्पा म्हणाले, “एवढं कशाला रं?” तर म्हणाले, “तुज्या गाडीत बसून उद्या मी वरात काढनार हाय, मोडाया नको.” साठीच्या म्हाताऱ्याची वरात! आई पदर तोंडाला लावून हसत होती. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत ती लॉरी अशी धावली की बास. एकही हप्ता चुकला नाही. दादा कशेळ्याहून दिवसाला तीन खेपा मारत होता. त्या सहा महिन्यांत आप्पा मला आठवतात ते लॉरीत दादाशेजारी बसलेले, पायाशी चाबूक. त्यांना तो सोडवेना.

पाऊस लागला तेव्हा लॉरी धोंडूकाकांच्या कर्जतच्या पडवीत उभी केली, आणि आप्पांनी निर्धास्त मनाने हप्ता पाठवायचा थांबवला.

आषाढात कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी पत्र घरात कोण वाचणार? आप्पांनी ते माझ्या हातात दिलं आणि समोर बसले. मी वाचलं. मग म्हटलं, “गाडी कशी चालते आहे, असं विचारलंय.”

“बघ,” आप्पा आईला म्हणाले, “गोरा हाय पन मानूस हाय.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. आईची एक माळ उरली होती. एक हप्ता भागला असता, निदान जाऊन बोलता आलं असतं. दुसरं पत्र आलं ते मी पोस्टमनकडूनच घेतलं आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलं. मला काय वाटत होतं? पाऊस लवकर संपेल? कंपनी विसरून जाईल? खरं सांगू—मला काहीच वाटत नव्हतं. मी रोज उठत होते, भाकऱ्या थापत होते, आणि तो दिवस गेला की मला बरं वाटत होतं.

श्रावणात एका दुपारी धोंडूकाका कर्जतहून चिखल तुडवत आले. डोक्यावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत लाल. कंपनीची तीन माणसं कागद घेऊन आली आणि लॉरी घेऊन गेली, हौद्यासकट. धोंडूकाका आडवे पडले होते चाकापुढे, लोकांनी त्यांना उचलून बाजूला केलं. एवढं सांगून ते ओटीवर बसले.

आप्पा ओरडले नाहीत. पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, “मान हालवली त्यानं. ह्या डोळ्यांनी बगितलंय मी. दोनदा हालवली.”

धोंडूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लाकूड सरळ आहे की नाही बघताना एक डोळा बारीक करत, तसं. मग हळूच आप्पांना म्हणाले, “पोरीनं बराबर इचारलं व्हतं ना रं? लहान हाय, बुजली असंल.”

बघा, तो माणूस मला वाटही करून देत होता. ‘बुजली असेल’. मी फक्त मान खाली घातली असती तरी पुरलं असतं.

आप्पा माझ्याकडे वळले. “इचारलं व्हतंस ना, बाय?”

मी म्हटलं, “हो, आप्पा. अगदी तुम्ही सांगितलं तसंच.”

सबंध आयुष्यात मी इतक्या स्पष्ट आवाजात बोललेले नव्हते.

आप्पा उठून उभे राहिले. “ऐकलंस? लॉरी गेली ती गेली. माज्या पोरीला खोटी पाडाया आलास व्हय? ऊठ माज्या वट्यावरून.”

धोंडूकाका उठले. घोंगडी परत डोक्यावर घेतली. जाताना आईला म्हणाले, “येतो वैनी.” चहाही न घेता गेले. मी दारात उभी होते. ते पाणंद ओलांडून दिसेनासे होईपर्यंत उभी होते, आणि हाक मारली नाही.

पाऊस उघडल्यावर आप्पा आणि दादा मुंबईला जाऊन आले. मी ताप आल्याचं सांगून घरीच राहिले. तो साहेब नोकरी सोडून विलायतेला निघून गेला होता. नवा माणूस म्हणाला, कागदावर असं काही नाही. हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं, तेही लिहिलं पाहिजे. मला आनंद झाला. आता विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून.

दादा आता दुसऱ्याची लॉरी बोरघाटातून चालवतो. आप्पांकडे एक गाडी, एक बैलजोडी आहे. तेवढ्यावर घर चालतं, आम्ही उपाशी नाही. पण जत्रेत, लग्नात, बाजारात धोंडूकाका समोर आले की आप्पा रस्ता बदलत. काका दोनदा आपण होऊन बोलायला आले. आप्पांनी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. अडीच वर्षं हे मी बघत होते. रोज माझ्याकडे एक वाक्य होतं, आणि ते म्हटलं असतं तर दोन म्हातारे पुन्हा एका ओटीवर बसले असते.

गेल्या महिन्यात धोंडूकाका वारले. निरोप सकाळी आला. आप्पांनी अंघोळ केली, कोट घातला, गाडी जुंपली. मग गाडीजवळच उभे राहिले, कितीतरी वेळ. बैलही माना खाली घालून उभे. शेवटी त्यांनी स्वतःच बैल सोडले, दादाला एकट्याला पाठवलं आणि कोट अंगात तसाच ठेवून पायरीवर बसले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“तसं बोलाया नको व्हतं त्यानं,” ते म्हणाले. “माज्या पोरीबद्दल. नाय का गं?”

ते माझ्याकडे बघत होते. कसल्याशा आशेने बघत होते, हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे. मी ‘आप्पा, ते बरोबर बोलले होते’ असं म्हणावं, म्हणजे अजून जाता येईल, कर्जत काही लांब नाही—त्यांना हे माहीत नव्हतं, पण त्यांचे डोळे तेच मागत होते.

मी म्हटलं, “नको होतं.”

या वेळी मी लहान नव्हते, एकवीस वर्षांची होते. हे गेल्या महिन्यातलं आहे.