मालतीच्या घरची भाषा

वाठार स्टेशनवर गाडी येईपर्यंत आई मला तेच तेच सांगत होती. "आधी मालतीच्या सासूशी गोड बोल. मग तिच्याशी. आणि काही जमलं नाही, तर घेऊनच ये." मी मान हलवत होते. वाईच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत असे, वर्गात माझा आवाज चांगला खणखणीत. म्हणून घरच्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं होतं. पण खिडकीतून आईचा हात सुटला आणि तो खणखणीतपणा फलाटावरच राहिला.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची आहे. माझी धाकटी बहीण मालती आदल्या वैशाखात लग्न होऊन धारवाडला गेली. मुलगा वकील, घरी विधवा आई, माणसं मूळची मराठी, पण दोन पिढ्या तिकडेच राहिलेली. आम्हाला सगळं बरं वाटलं होतं. माघात आमचे एक नातेवाईक तिकडून आले आणि पायरीवर उभे राहूनच म्हणाले, "मालतीची तब्येत ठीक दिसली. पण पोर बोलत नाही हो. विचारलं तर हो-नाही, की झालं." आमची मालती म्हणजे तोंडाला खीळ नसलेली मुलगी. आईनं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. कोणी बाधा म्हणालं, कोणी सासुरवास म्हणालं. सासरचे आता परत पाठवणार, असंही कोणी म्हणालं, आणि त्यानंतर घरात कोणाला चैन पडेना.

गाडीत मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. सासूबाईंना काय म्हणायचं, श्रीपादरावांना कोणत्या शब्दांत विचारायचं. ते काय उत्तर देतील आणि त्यावर मी काय म्हणेन, हेही ठरवत होते. मिरजेपर्यंत बायकांच्या डब्यात मराठी ऐकू येत होती. बेळगाव मागे पडलं तशी ती विरळ झाली, आणि लोंढ्याला उजाडलं तेव्हा डब्यात मराठीचा शब्द उरला नव्हता. बाहेर सागाची आणि बांबूची दाट रानं, त्यांत धुकं अडकलेलं. एरवी मी ते डोळे भरून पाहिलं असतं.

समोरच्या बाकावरच्या एका जाडजूड बाईनं फडकं सोडलं, कडक भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी ठेवली आणि ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "तगोरी." म्हणजे घ्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला तो शब्द हुकूम सोडल्यासारखा वाटला. मी हात जोडून नको म्हटलं. तिनं शेजारणीकडे पाहून काहीतरी म्हटलं आणि दोघी हसल्या. मी पदर सारखा केला, केस चाचपले, चपलांकडे पाहिलं. त्या कशाला हसल्या असतील, याचा विचार करता करता अळणावर स्टेशन येऊन गेलं.

धारवाडला व्हायचं तेच झालं. दारात गाठोडी, टोपल्या, बायका यांची गर्दी. मी ट्रंक उचलली आणि म्हणाले, "मला उतरायचंय." आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच नीट ऐकू आला नाही. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंड उघडंच राहिलं. कन्नडात उतरण्याला काय म्हणतात? मराठीत ओरडलं तर सगळ्या बघतील का? एवढ्यात गाडी हलली. स्टेशनाची पाटी, मागची लाल मातीची चढण, त्यावरची कौलारू घरं, सगळं मागे सरकत गेलं आणि मी ट्रंक हातात धरून उभी राहिले.

त्या भाकरीवाल्या बाईनंच मला बसवलं. माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं समजलं असावं. "हुबळी, हुबळी," म्हणत ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली. हुबळीला तिनं मला हाताला धरून उतरवलं, तिकीट बघणाऱ्या मास्तरांशी माझ्या वतीनं चांगली खडाजंगी केली, असं मला वाटलं. पण मास्तर हसले आणि त्यांनी वाट दिली. फलाटावर कापसाच्या गाठींची रास लागली होती, हवेत पिंजलेला कापूस तरंगत होता. ती बाई मला बाजारातल्या एका कापडदुकानात घेऊन गेली, "मराठी, मराठी," असं दुकानाकडे बोट दाखवून म्हणाली आणि माझं आभाराचं बोलणं पुरं व्हायच्या आत आपल्या वाटेला लागली.

दुकान मिरजेकडच्या माणसांचं होतं. मालकीणबाईंनी मला आत नेऊन चहा दिला. मराठी कानावर पडताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चौकशी केली, मी बहिणीला भेटायला निघाले एवढंच सांगितलं.

"पहिल्यांदाच आलात?" त्या म्हणाल्या. "मग कानाला जरा त्रास होईल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या घरात सगळे दिवसभर भांडतायत. कधीतरी सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, अगं, आम्ही पावसाबद्दल बोलत होतो."

मी हसले, पण मनात आलं, यांना विचारायला सासरे तरी होते.

दुपारच्या मोटारीनं त्यांनी मला धारवाडला लावून दिलं. उणकलचं तळं उन्हात चकाकत होतं, नवलूरच्या पेरूच्या बागा दोन्ही बाजूंना. मोटार चढणीला लागली की धापा टाकी. भाषण पुन्हा जुळवून पाहिलं, तर मधली वाक्यं हरवली होती.

मळमड्डी भागातलं घर शोधायला वेळ लागला नाही. मालतीच्या सासूबाई कट्ट्यावर उभ्या होत्या. सगळे त्यांना अव्वा (आई) म्हणत. उंच, सावळ्या, कपाळ मोकळं, बोलणं तोडून. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं, कशाला आलीस?"

मी पायरीवरच थिजले. सकाळपासून ज्याला भीत होते ते खरंच झालं, असं वाटलं. मी काही तरी पुटपुटले. "आत ये की," त्या म्हणाल्या आणि आत वळून त्यांनी कन्नडात हाक मारली. मालती बाहेर आली. अंगानं बरी होती, लुगडं चांगलं होतं, हातांत बांगड्या होत्या. वाकून नमस्कार करून ती "ताई" म्हणाली. आणि खरंच, पुढे काही बोलली नाही.

रात्रीच्या जेवणाला श्रीपादराव आले. सभ्य, लाजाळू गृहस्थ. "प्रवास कसा झाला?" त्यांनी विचारलं. मी "छान" म्हणाले. मग ते आणि अव्वा कन्नडात बोलू लागले. मालती मान खाली घालून वाढत होती. मला मधूनमधून एकच शब्द कळत होता: सोसी. पुन्हा सोसी. किती सोसायचं, असं काही म्हणतायत काय? कन्नडात सोसी म्हणजे सून, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी श्रीपादराव कोर्टात गेले आणि अव्वा देवाला गेल्या, तेव्हा मी मालतीला परसदारी गाठलं. ती पावट्याच्या शेंगा सोलत होती.

"तुला कोणी बोललं का? मारतात का? श्रीपादराव नीट वागतात ना? की बरं वाटत नाही? आईला किती काळजी लागलीय, तुला ठाऊक आहे?"

माझ्या प्रत्येक प्रश्नासरशी ती जरा जरा आत सरकत गेली. "काही नाही, ताई," एवढंच. मी अजून विचारलं. "काही नाही." शेवटी माझे प्रश्नच संपले. दुसरं काही सुचेना म्हणून मीही शेंगा सोलायला घेतल्या. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या सोलत बसलो. टोपलीचा तळ दिसू लागला तेव्हा मालती आपणहून बोलली, माझ्याकडे न बघता.

"आल्या आल्या मी खूप बोलायचे, ताई. स्वैपाकघरात अव्वांच्या मागं मागं, हे करू का, ते करू का. आपल्या घरच्या गमती सांगायचे. एकदा अशीच बोलत होते, तर त्या म्हणाल्या, सुम्मन कूड. दुसऱ्या दिवशी परत म्हणाल्या. शेजारच्या मुलीला मी अर्थ विचारला. ती म्हणाली, गप्प बस."

"मग?"

"मग बसले गप्प. यांनी एकदा विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही. आता बोलायला जाते, तर शब्दच येत नाहीत. ते दोघं कन्नडात बोलतात, मला वाटतं माझ्याबद्दलच."

मला गाडीतल्या त्या दोघी हसणाऱ्या बायका आठवल्या. मी एका दिवसात जी घाबरगुंडी भोगली, ती ही पोर नऊ-दहा महिने भोगत होती.

अव्वा परतल्या. माझं भाषण आता पार विस्कटलं होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "अव्वा, सुम्मन कूड म्हणजे काय?"

"म्हणजे? नुसती बस. उगी बस."

"गप्प बस, असं नाही?"

"तसंही होतंय. कसं म्हणेल त्यावर आहे. का?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. "नवीन पोरगी, प्रवासानं थकलेली, वैशाखाचं ऊन. सारखी कामाला हात लावायला यायची. मी म्हटलं, तू नुसती बस गं, मी करते. मी तिला गप्प बस म्हणेन?" त्या उठल्या. "इतके महिने माझ्या घरात बसून हे मनात ठेवलंन. आणि सांगितलं कुणाला, तर तुला." देवघराचं दार लागलं.

दुपारी त्या जेवल्या नाहीत. म्हणून मालतीही जेवली नाही, म्हणून मीही. घरात भांड्याचाही आवाज नव्हता. मी आले ते सांधायला आणि होतं तेही मोडून बसले, असं मला वाटत राहिलं. आता हे खरंच मालतीला माझ्याबरोबर लावून देतील. आईला काय सांगू?

संध्याकाळी श्रीपादराव आले, अव्वांशी देवघराच्या दाराआडून बोलले आणि माझ्याकडे आले. मला वाटलं, आता रागावतील.

"मला वाटायचं, तिला मीच आवडलो नाही," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "पुन्हा विचारलं आणि तिनं तसं सांगितलं, तर काय करायचं? म्हणून विचारलंच नाही."

मागे मालती दिवा लावत होती. तिनं ते ऐकलं. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

देवघराचं दार उघडलं. अव्वा मालतीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वाईट वाटलं, तर मला का नाही सांगितलंस?"

मालतीनं हातातली काडी खाली टाकली. मग म्हणाली, "कोणत्या भाषेत सांगू?"

"रडायचं तरी होतंस. ते मला कळलं असतं."

तेव्हा मालती रडली. अव्वांनी तिला जवळ वगैरे घेतलं नाही. तशा त्या नव्हत्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या, तिचं रडणं संपेपर्यंत, आणि मग म्हणाल्या, "चल, पावटा शिजवू."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. अव्वांनी बुत्ती (शिदोरी) बांधून दिली, वर पेढ्यांचा पुडा ठेवला. मी धीर करून त्यांच्यादेखतच मालतीला म्हटलं, "आईनं तुला घेऊन यायला सांगितलंय. येतेस?"

मालतीनं अव्वांकडे पाहिलं.

"जायचं तर जा, राहायचं तर राहा," अव्वा म्हणाल्या. "माझ्याकडे बघू नको. तोंडानं सांग."

श्रीपादराव खुंटीवरची टोपी काढत होते, ते तसेच थांबले. मालतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला राहायचंय," ती म्हणाली. मला वाटलं, संपलं. पण ती पुढे बोलली. आवाज कापत होता. "पण जेवताना मला कळेल असं बोला. निदान जेवताना. आणि मला कन्नड शिकवा. चुकलं तर हसू नका."

अव्वांनी बुत्तीची गाठ आणखी घट्ट आवळली. मग म्हणाल्या, "हसणार की. हसल्याशिवाय कसं शिकशील? माझ्या मराठीला तू हस."

परतीच्या गाडीत माझी काळजी गेली होती, असं म्हणता येणार नाही. एका संध्याकाळच्या रडण्यानं घर बदलतं, इतकी मी भाबडी नव्हते. अव्वांचं बोलणं तोडूनच राहणार होतं, श्रीपादराव लाजाळूच राहणार होते, आणि मालतीला एखाद्या दिवशी पुन्हा वाटणारच होतं की हे माझ्याबद्दल बोलतायत. मी शाळेत मुलींना शुद्ध उच्चार शिकवत आले, निबंध शिकवत आले. पण त्या घरात तिघंही आपापल्या परीनं भलंच चिंतत होती आणि तिघंही एकमेकांना भीत होती, त्याला माझं कुठलंही व्याकरण उपयोगी पडलं नव्हतं. माणसं रागानं गप्प होतात असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती नुसती उत्तराला भ्यालेली असतात.

वाईला पोचले तर आई दारातच होती. पाय धुवायच्या आत तिनं विचारलं, "सुखात आहे का?"

"मला ठाऊक नाही, आई," मी म्हणाले. "पण निघताना तिनं सासूकडे काही मागितलं."

"तोंड उघडून?"

"हो."

"नवऱ्यादेखत?"

"हो."

आईनं माझ्या हातातून ट्रंक घेतली, खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. "मग नांदेल," ती म्हणाली आणि मला जेवायला वाढायला उठली.