गांगोल्फला कुणी धर्मबाप करेना

गांगोल्फ डॉटरवाइशचं गावात कुणाशी वैर नव्हतं, पण त्याला एकही धर्मपुत्र नव्हता. आमच्या बाम्बेर्गच्या मुलखात यातली दुसरी गोष्ट माणसाला जास्त टोचते. बाप्तिस्म्याला मूल हातात घेऊन उभा राहतो तो धर्मबाप, आणि मुलाला नाव मिळतं ते त्याचंच. पाद्रीबाबांनी विचारल्यावर ते सांगायचं तेही त्यानंच. आईबापांनी तेवढा वेळ तोंडाला कुलूप लावायचं.

आता पोटच्या पोराला गांगोल्फ म्हणून हाका मारायची हौस कुणाला असणार? लोकांना गेरहार्ड हवा, म्हणजे भाल्यासारखा कणखर. लुडविग हवा, म्हणजे लढाईत नाव काढलेला. आमचा पाववाला लुडविग बायकोचा आवाज चढला की पिठाच्या पोत्यांमागं सटकतो, पण नावात लढाई आहे ना, मग त्याच्याकडं धर्मपुत्रांची रांग! गांगोल्फ म्हणजे लांडग्याची चाल. त्यात लहानपणी गवताच्या गाडीचं चाक पायावरून गेलेलं, तेव्हापासून हा लंगडत चाले. पोरांच्या हाती आयतंच कोलीत. "लांडगोबा, चाल दाखवा की!" म्हणत ती त्याच्या मागं लागत, आणि मोठी माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत.

तो तळ्यांत कार्प मासे पाळायचा. शरदात तळं रिकामं केलं की कमरेएवढ्या चिखलात उतरून जाळं ओढावं ते त्यानंच. नाताळच्या माशासाठी सगळं गाव आधी त्याच्या दारात. ईस्टरला मात्र पोरं आपापल्या धर्मबापाकडं रंगवलेली अंडी आणि वेणीसारखा गुंफलेला गोड पाव घ्यायला धावत, आणि याचं दार कुणी वाजवत नसे. तरी तो दरवर्षी अंडी रंगवायचा आणि मग आठवडाभर एकटाच खात बसायचा. बायको नाही, पोर नाही, पन्नाशी उलटलेली. आपल्याबरोबर आपलं नावही मातीत जाणार, हे त्याला फार लागायचं.

अशात एके दिवशी जाळी शिवता शिवता त्याचा तळ्यावरचा जोडीदार एवाल्ड म्हणाला, "काका, रोसविटा म्हणते, तुम्हीच धर्मबाप व्हायचं."

रोसविटा एवाल्डची बायको. महिन्यापूर्वी ऐन बर्फात तिच्या कळा सुरू झाल्या, नेमका एवाल्ड परगावी होता. तेव्हा गांगोल्फनंच तिला ट्रॅक्टरवर घालून इस्पितळात पोचवलं होतं.

"थट्टा करतोस काय रे?"

"तिच्या नावानं थट्टा करायची माझी छाती आहे का?"

गांगोल्फनं हातातलं जाळं खाली ठेवलं आणि तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसत बसला.

पण हे सुख चार दिवसही टिकलं नाही. गुत्त्यात बियरचा पेला आपटत लुडविग म्हणाला, "एवाल्ड, उपकारच फेडायचे होते तर एखादं डुक्कर द्यायचंस. पोरानं कुणाचं काय घोडं मारलंय?" सगळे खो खो हसले. एवाल्डनं मान खाली घातली. दारात आलेल्या गांगोल्फनं ती खाली गेलेली मान पाहिली आणि तो आल्या पावली परत फिरला.

म्हणजे उपकाराची परतफेड चाललीय तर! आणि त्यापायी ते पोर जन्मभर चिडवून घेणार. दुसऱ्या दिवसापासून तो तळ्याच्या बांधावर उभा राहून एकेक नाव मोठ्यानं हाकारून पाहू लागला. बेर्नहार्ड, अस्वलासारखा दांडगा. पण पोर हडकुळं निघालं तर? जिगफ्रीड, जिंकून शांतता आणणारा. एवढ्याशा जिवावर भलतंच ओझं. शेवटी कोनराड त्याला पटलं, धीटपणे सल्ला देणारा. यात कुणाला हसायला जागा नव्हती. नाव सांगायचा हक्क आपला, मग अडवतो कोण?

बाप्तिस्म्याला बाळंतीण सहसा येत नसे, पण रोसविटा हट्टानं आली होती. पाद्रीबाबांनी पाण्याचं भांडं उचललं.

"बाळाचं नाव?"

गांगोल्फ म्हणाला, "कोनराड."

"काय म्हणालात?" रोसविटा भर चर्चमध्ये कडाडली.

"पोरी, गप बस. माझं नाव घेऊन मी काय भोगलंय ते मला ठाऊक. लोक हसतील त्याला."

"मग ही टोपी कुणाला घालू?" तिनं टोपी त्याच्या नाकासमोर धरली. काठावर निळ्या रेशमानं 'गांगोल्फ' भरलेलं होतं. "उपकार फेडायला नाही भरलं हे. ट्रॅक्टर रुतला तेव्हा मला उचलून घेऊन तुम्ही त्या बर्फातून कसे चाललात, ते पाहिलंय मी. गावानं नसेल पाहिलं. म्हणे कोनराड!"

"अहो, मी मुद्दाम कोमट करून आणलेलं पाणी गार होतंय," पाद्रीबाबा म्हणाले.

गांगोल्फ एवाल्डकडं वळला. "तू तर मान खाली घातली होतीस."

"घातली होती. मी तोंडाचा गरीब, ठाऊक आहे ना तुम्हाला? हसतील, हसू देत. रडत आला तर तुमच्याकडं पाठवीन. नाहीतर काका, धर्मबाप असतो कशाला?"

पाद्रीबाबांनी पुन्हा नाव विचारलं. गांगोल्फनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. जन्मभर जे नाव तो पुटपुटत सांगत आला, ते त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की लुडविग बाकावर दचकला आणि बाळानं भोकाड पसरलं.