रेडिओवर आलेलं काशिनाथचं नाव

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. अकरा माणसं, दोन फायबरच्या झोपड्या, रॉकेलचा एक स्टोव्ह आणि एक ट्रान्झिस्टर. पोस्ट कमांडर सुभेदारसाहेब होते. मी हवालदार. ड्यूटी रोस्टर माझ्याकडे होतं. पहाऱ्यावर कोण आणि शेजारच्या पोस्टच्या वाटेवर जाणाऱ्या लिंक पेट्रोलवर कोण, हे मी लिहायचो.

नाईक काशिनाथ माझ्याच भागातला. मी जव्हारचा, तो मोखाड्याच्या सूर्यमाळवरचा. ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, झोपडीत दादा.

आमची ओळख फौजेच्या आधीची. जव्हारला तो वसतिगृहात राहून शिकत होता. आमच्या आळीत तेव्हा एकच टीव्ही होता, कापड दुकानवाल्या शेठच्या घरी. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची. आम्ही नोकरदारांची मुलं आत सतरंजीवर बसायचो आणि वसतिगृहातली मुलं खिडकीबाहेर उभी राहायची. पडद्यावर मुंग्या आल्या की काशिनाथ अँटेना फिरवायला कौलांवर चढायचा. खालून आम्ही सांगायचो, "थोडं शिरपामाळकडं फिरव." चित्र जमलं की त्याला उतरता यायचं नाही, कारण उतरताना अँटेना पुन्हा हलायची. कित्येक रविवार त्याने ती मालिका वर बसून नुसती ऐकली. तेव्हा आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोस्टवर सगळे वार सारखेच. रविवारी दोनच गोष्टी वेगळ्या असायच्या. सकाळी शिरा मिळायचा आणि साडेबारा वाजता रेडिओवर जवानांच्या फर्माईशीची गाणी लागायची. त्या अर्ध्या तासासाठी आम्ही आठवडाभर बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत घालून ऊबेत ठेवायचो.

काशिनाथने सुट्टीवरून परतताना रेडिओला फर्माईशीचं कार्ड टाकलं होतं. एका जुन्या सिनेमातलं गाणं, बायको सोनी आणि मुलगी मनीषा यांच्यासाठी. मनीषा तेव्हा दोन वर्षांची होती. घरी तो सांगून आला होता, रविवारी रेडिओ लावा, माझं नाव येईल.

दोन रविवार त्याने ड्यूटी बदलून घेतली. नाव आलं नाही. तिसऱ्या रविवारी लिंक पेट्रोलवर त्याचा नंबर होता. सकाळी साडेआठला तो माझ्याकडे आला.

"उस्ताद, आज बदला. आज नाव येल."

"दर रविवारी हेच म्हणतोस."

"उद्या जाईन ना मी."

"दोनदा बदलली. बाकीचे काय म्हणतील? रोस्टर म्हणजे रोस्टर."

तो "ठीक आहे, उस्ताद" म्हणाला. नऊ पंधराला पाच जण एका दोरावर बांधून निघाले. काशिनाथ शेवटचा होता.

अकरा वीसला वायरलेस सेट बोलला.

"चार्ली, चार्ली. स्लाइड आया है. चार दिख रहे हैं. ओव्हर."

"पाँचवाँ कौन? ओव्हर."

"रस्सी का आखिरी. ओव्हर."

आम्ही पाच जण निघालो. पोस्टवर सेटसाठी एकाला ठेवलं, कारण नियम तसा होता. सुभेदारसाहेब स्वतः पुढे होते. कोसळून आलेल्या बर्फात अंधार पडेपर्यंत खोदलं, आणि पुढे आणखी चार दिवस. त्याची आइस-ॲक्स मिळाली. तो मिळाला नाही. घरी तार गेली. बेपत्ता, मृत मानण्यात येत आहे.

त्यानंतर तिसऱ्या रविवारी कुणीतरी सवयीने रेडिओ लावला. निवेदिकेने नावं वाचली. चौथं नाव काशिनाथचं होतं. मग सोनी. मग मनीषा. स्वयंपाक्याने बंद करायला हात पुढे केला. सुभेदारसाहेब म्हणाले, "रहने दो." गाणं पुरं वाजलं. खाली सूर्यमाळवर हेच गाणं याच मिनिटाला वाजत असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

एप्रिलमध्ये मला सुट्टी मिळाली. काशिनाथची पेटी घेऊन मी जव्हार डेपोतून मोखाड्याची एसटी पकडली. पुढे जीप, शेवटी पायी. पाड्यावर पाणी आटलेलं होतं. सोनी दूरच्या झऱ्यावरून हंडा घेऊन आली. तिच्या कपाळाला कुंकू होतं. दिवस घातलेले नव्हते.

"तार चुकीची हुती," ती म्हणाली. "रेडिओनं नाव घेतला त्यांचा. सगल्या पाड्यानं ऐकला. मेला मानूस गाना कसा मागल?"

तिचे सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना समजलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर ती आणखी काही महिने वाट पाहत राहिली असती. कदाचित काही वर्षं.

"वहिनी, कार्ड त्याने आधी टाकलं होतं."

"आधी म्हंजे?"

"सुट्टीवरून येताना. ते वाचलं उशिरा."

हंडा अजून तिच्या कमरेवर होता. तो तिने खाली ठेवला, पाणी सांडू न देता.

"तुमी हुता तिथं?"

"पोस्टवर होतो."

"मग ते का गेले?"

"त्याचा नंबर होता," मी म्हणालो.

रोस्टर कोण लिहायचं, ते मी तिला सांगितलं नाही. संध्याकाळच्या जीपने परतलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवस घातले, असं नंतर कळलं.

सोनी काही वर्षांपूर्वी वारली. मनीषा जव्हारला नर्स आहे. रविवारी माझ्या मोबाइलवर जुन्या टीव्हीचे, कॅसेटचे फोटो येतात. खाली लिहिलेलं असतं, काय दिवस होते ते. माझ्या वयाची माणसं त्यावर हात जोडतात. मी फोन पालथा ठेवतो.

गेल्या महिन्यात मनीषा रक्तदाब तपासायला घरी आली होती. पट्टा बांधता बांधता तिने विचारलं, "काका, त्या दिवशी बाबाच का गेले पेट्रोलवर?"

आईचाच प्रश्न. मी आईला दिलं तेच उत्तर दिलं. ती बरं म्हणाली, आकडा कागदावर लिहून गेली.

नंबर त्याचा होता, हे खरं आहे. तो मला बदलता आला असता, हेही खरं आहे. हे छापून आलं तर ती वाचेल. तोंडाने सांगणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही, आता जमेल असं वाटत नाही.

नाईक काशिनाथ, सूर्यमाळ. वय पंचवीस. देह अजून मिळालेला नाही.