सर्वोत्कृष्ट हुंदका

सुलक्षणा तोरसकर यांच्या नावावर दोनशे चौदा प्रशस्तिपत्रं जमा होती आणि ती सगळीच्या सगळी उत्तेजनार्थ होती.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत बल्बच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. पट्ट्यावरून बल्ब सरकत यायचे आणि त्यातला केसाएवढी चीर गेलेला बल्ब सुलक्षणाबाई गप्पा मारता मारता उचलून बाजूला ठेवायच्या. सुपरवायझर म्हणायचे, तोरसकर बाईंच्या हातून खराब माल गेला तर सूर्य मालाडला उगवेल. अशी नजर घेऊन बाई निवृत्त झाल्या, दिंडोशीच्या घरी आल्या आणि कवयित्री झाल्या. मग त्या नजरेची गरजच उरली नाही.

'शब्दझुळूक चित्रचारोळी परिवार' हा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा समूह. रोज सकाळी नऊला एक चित्र यायचं. संध्याकाळी सातपर्यंत त्यावर चार ओळी लिहून पाठवायच्या. यमक अनिवार्य, चारोळी चित्राशी सुसंगत हवी, सुप्रभातचे फोटो टाकल्यास ताकीद. दुसऱ्या दिवशी दहाला निकाल. एक सर्वोत्कृष्ट, दोन उत्कृष्ट, तीन प्रथम, चार द्वितीय, पाच लक्षवेधी आणि उरलेले झाडून सगळे उत्तेजनार्थ. म्हणजे पहिला आलेला माणूस तिसऱ्या पायरीवर उभा असायचा आणि तरीही सगळे त्याला टाळ्यांची चित्रं पाठवायचे.

या दरबाराचे राजे चंद्रप्रकाश वाघधरे. मुक्काम मुलुंड. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ समूहाचे संस्थापक, अध्यक्ष, मुख्य परीक्षक आणि छायाचित्रकार होते. फोन पुढे धरूनच ते घराबाहेर पडायचे. कुठे कुणी वाकलेलं, टेकलेलं, एकटं बसलेलं दिसलं की टिपलं. विचारायचं बिचारायचं नाही. विचारलं की माणसं हसतात, आणि हसऱ्या माणसावर चारोळी होत नाही, असं त्यांचं मत होतं.

सुलक्षणाबाई आठवड्यातून एक-दोनदा लिहायच्या आणि तीन वर्षांत त्यांनीही आपली पद्धत बसवली होती. चित्र आलं की ते उघडायचंच नाही. उघडायला वेळ लागतो, फोन भरतो. पुसटशा चौकोनात हिरवं दिसलं की पर्यावरण. फ्रॉक दिसला की लेक. दोन हात दिसले की माणुसकी. म्हातारं माणूस दिसलं की वृद्धाश्रम. यमकांची वही फोनशेजारी तयार असायची. बाकीचे शहाऐंशी सभासदही असंच करत होते, त्यामुळे कुणाचंच कधी अडलं नव्हतं.

बाईंना एकच खंत होती. एकदा तरी सर्वोत्कृष्ट यावं. समूहाचं वार्षिक संमेलन पार्ल्यात एका शाळेच्या सभागृहात व्हायचं. त्या आठवड्यातल्या बुधवारच्या चित्रावरच्या सर्वोत्कृष्ट कवीला तिथे शाल, चषक आणि व्यासपीठावर दोन मिनिटं मिळायची. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात उजेड देणाऱ्या बाईला आपल्या तोंडावर एकदा तो पडावा असं वाटलं, तर त्यात काय चुकलं?

संमेलनाच्या आठवड्यात मंगळवारी त्यांची दाढ काढली. सून दिशा अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना घेऊन गेली होती. बुधवारी गाल सुजलेला, डोकं ठणकतंय, आणि नऊला चित्र आलं. पुसट काळ्यापांढऱ्या चौकोनात कुणी म्हातारी, तोंडाला पदर. बाईंनी वही उघडली आणि दुखऱ्या दाढेचा सगळा कळवळा त्या म्हातारीला दिला.

*हुंदका दाबून बसली आई*
*पदर तोंडाशी घट्ट धरून*
*सुनेने आज काढले बाहेर*
*पोटचा लेक बघतो दुरून*

पाठवली. घरच्या समूहातही टाकली. सिद्धेशनं, म्हणजे त्यांच्या पोटच्या लेकानं, ऑफिसातून लगेच अंगठा दाखवला. वाचली अर्थातच नव्हती.

गुरुवारी दहा वाजता निकाल आला. सर्वोत्कृष्ट: सौ. सुलक्षणा तोरसकर.

"अगो बाय माझ्या!" बाई स्वयंपाकघरात ओरडल्या. दिशा डबा तसाच टाकून धावत आली.

"काय झालं? रक्त येतंय का?"

"सर्वोत्कृष्ट आले मी! सर्वोत्कृष्ट!"

"आई, घाबरवता काय हो! मला वाटलं परत दवाखाना." मग ती हसली, सासूच्या बऱ्या गालाला हात लावला. "झकास. रविवारी मी येणार हं. पहिल्या रांगेत."

"तू तर येच. तुझ्या आईबाबांनाही बोलावते. त्यांना कळू दे, आपली विहीण नुसती कुळथाची पिठी करत नाही."

आणि त्यांनी खरंच फोन केला. दिशाचे आईवडील घाटकोपरला राहायचे. साधी, लेकीच्या घरी पाणी पितानाही संकोचणारी माणसं. त्यांनी आनंदानं होकार दिला.

शनिवारी दुपारी चंद्रप्रकाशांनी फ्लेक्सचा नमुना पाठवला. वर चित्र, खाली चारोळी. नाव बरोबर आहे का ते पाहा, असा निरोप. बाईंनी फोन सुनेकडे दिला. "तूच बघ गं. तोरसकरचं तोरस्कर करतात मेले."

दिशानं ते लॅपटॉपवर मोठं केलं. नाव बरोबर होतं. मग तिची नजर चित्रावर गेली. चित्र आणखी मोठं केलं. मग आणखी.

"आई, इकडे या."

"काय, तोरस्कर केलं ना?"

"ही पिशवी बघा."

बाकावर अर्धवट पाठमोऱ्या, तिरक्या बसलेल्या म्हातारीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीवर मोठमोठ्या पानांची नक्षी होती.

"माझ्या जुन्या पडद्याची शिवलीय ती," दिशा म्हणाली. "जगात एकच आहे. आता हात बघा. कोपरावरचा डाग. आई, ही तुम्ही आहात."

बाईंनी चष्मा पुसला, वाकल्या. चंद्रप्रकाशांनी चित्रातला रंग काढून घेतला होता आणि कुठूनतरी आणलेली सुकी पानं बाकावर पाडली होती. पण बाक दवाखान्यासमोरचा होता. लुगडं त्यांचं होतं. मंगळवारी साडेपाचला, तोंडात कापसाचा बोळा आणि त्यावर पदर दाबून, त्या तिथेच बसल्या होत्या. केसाएवढी चीर ओळखणाऱ्या बाईनं स्वतःला ओळखलं नव्हतं.

"पण मी रडत कुठे होते?"

"नव्हताच. आणि मी कुठे होते, आठवतं?"

बाईंना आठवलं. डॉक्टर म्हणाले होते, थंड काहीतरी द्या. रस्त्यापलीकडच्या दुकानात वेलचीचं नव्हतं म्हणून दिशा पुढच्या चौकापर्यंत गेली होती. घामाघूम होऊन परत आली होती, आइस्क्रीम वितळू नये म्हणून जवळजवळ पळत.

दिशानं खालच्या ओळी वाचल्या. पहिल्यांदाच वाचत होती. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली.

"मी तुम्हाला घराबाहेर काढलं?"

"तुला नाही गं! ती आपली एक सून असते. सगळ्यांच्यात असते ती. चारोळीतली."

"चारोळीतली आहे, पण फोटो तुमचा आहे. खाली नाव तुमचं आहे. आणि उद्या पहिल्या रांगेत माझे आईबाबा बसणार आहेत. तुम्हीच बोलावलंय. त्यांना काय सांगू? यमक जुळत होतं म्हणून?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला गेली. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा बाईंना बोलल्यासारख्या वाटल्या.

त्यांनी चंद्रप्रकाशांना फोन लावला. तीन वर्षांत प्रत्यक्ष भेट नव्हती. समूहात बाईंच्या नावापुढे फोटोऐवजी गुलाबाचं फूल होतं, त्यांच्या नावापुढे लेखणी.

"सर, त्या चित्रातली बाई मी आहे."

"वा, ताई, वा! याला म्हणतात समरसता! कवी चित्रात शिरतो तेव्हाच—"

"शिरले नाही हो. तिथे बसले होते! माझी दाढ काढली होती."

"ताई," चंद्रप्रकाशांचा आवाज खाली आला, "हे कुणाला सांगू नका. रसभंग होतो."

"पण माझ्या सुनेची बदनामी होतेय."

"चारोळीत सुनेचं नाव नाही, नियमाला धरून आहे. आणि फ्लेक्स छापायला गेलाय. उद्या चारला या. मोठी शाल घेतलीय."

संध्याकाळभर बाई खुर्चीत बसून राहिल्या. दोनशे चौदा वेळा वाट बघितली होती. न गेल्या तर फ्लेक्स तरीही लागणार होता, आणि चारोळी कुणीतरी गळा काढून वाचणार होतंच. गेल्या आणि गप्प राहिल्या तर चषक घरी येणार होता, आणि दिशाच्या हातचा चहा रोज त्या चषकासमोर बसून प्यावा लागणार होता. त्यांनी यमकांची वही उचलली, परत ठेवली. मग विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं.

रविवारी सभागृह निम्मं भरलं होतं, पण प्रत्येकजण कवी असल्यामुळे गर्दी वाटत होती. व्यासपीठामागे दहा फुटी फ्लेक्स. त्यावर म्हातारी हुंदके देत होती. तिच्या खाली जिवंत म्हातारी सुजल्या गालानं खुर्चीत बसली होती. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर, आणि सभागृहातल्या एकाही कवीला काही जाणवलं नाही. दिशाची आई चारोळी वाचून लेकीकडे बघत होती. वडील चपलांकडे बघत होते. दिशा सरळ समोर. सिद्धेशला एव्हाना कुणीतरी शेवटची ओळ वाचून दाखवली असावी, कारण तो खरंच दूर, दारापाशी उभा होता.

शाल घातली, चषक दिला. चंद्रप्रकाशांनी चारोळी म्हटली आणि 'सुनेने' या शब्दावर असा आवाज लावला की मागच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मग बाईंना ध्वनिक्षेपकासमोर आणलं.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. गालामुळे शब्द जरा गोल येत होते. "ती वर बाई आहे ना, ती मी आहे."

टाळ्या.

"टाळ्या नकोत. खरंच मी आहे. पिशवी बघा, आणलीय." त्यांनी पिशवी उंच धरली. टाळ्या विरल्या. "मी रडत नव्हते. मी जे लिहिलं ते खोटं आहे. चित्र न बघता लिहिलं. आता बघून लिहिलंय, तेवढं ऐका."

त्यांनी विजेचं बिल उलगडलं.

*दाढ काढून बसले होते बाकावर*
*पदर होता कापसाच्या बोळ्यावर*
*सून गेली होती आइस्क्रीम आणायला*
*आणि मीच तिला चढवलं फासावर*

नाटकात एखादा नट संवाद विसरतो तेव्हा पडते तशी शांतता पडली. मग पहिल्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. दिशाचे वडील. लाजरा माणूस, पण हसू आवरेना. त्यांच्या मागून आणखी दोघंतिघं.

चंद्रप्रकाश पुढे सरसावले. परीक्षक जागा झाला होता. "ताई, भावना पोचल्या. पण ही चारोळी चित्राशी सुसंगत नाही."

"चित्रातली बाई सांगतेय की हो!"

"तुम्ही सांगताय ते खरं असेल. पण चित्रात ते दिसत नाही."

"चित्र इथे बघितलंय कुणी? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. चंद्रप्रकाशांनी घसा साफ केला आणि नियमावली काढली. कवयित्रीनं स्वतः चारोळी खोटी ठरवल्यामुळे ती बाद. नवी चारोळी मुदतीनंतर आली, पण प्रयत्नाची दखल म्हणून उत्तेजनार्थ. सर्वोत्कृष्ट पुरस्कार आता सौ. कुंदा यांना. कुंदाताई लगबगीनं आल्या आणि आपली चारोळी म्हणाल्या. त्यांच्या चारोळीत सुनेनं सासूला बाकावर सोडून वर पिशवीतला डबासुद्धा काढून घेतला होता. चषक हातातून हातात गेला. शाल काढायला कुणी धजेना, कारण घडी मोडली होती.

दोनशे पंधरावं उत्तेजनार्थ घेऊन बाई खाली उतरल्या. दिशाच्या आईनं त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी जाताना रिक्षात दोघीच होत्या. हायवेला लागल्यावर बाईंनी धीर केला.

"रागावलीस?"

"हो."

"अजून?"

"आई, सगळ्यांसमोर बोललात ते मला आवडलं. खूप. पण ती पहिली चारोळी तुम्ही तीन मिनिटांत लिहिलीत ना? मला बघायला तुम्ही तीन मिनिटंपण दिली नाहीत. म्हणून रागावलेय."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली.

"किती दिवस राहील?" बाईंनी विचारलं.

"बघते. उद्या ऑफिसात ऑडिट आहे, म्हणजे उद्या आहेच. परवासुद्धा असेल थोडा." दिशानं बाईंच्या खांद्यावरून घसरणारी शाल वर ओढली. "परवा तुमचे टाके काढायचेत. मी हाफ डे टाकलाय. साडेचारला तयार राहा, उशीर नको."